आप्पांच्या कानाला चालेल असा पंखा

आमच्या घरी कोणी पहिल्यांदा आलं की मी आधी पाणी देते, मग खुर्ची देते आणि मग विचारते, "हा कॉम्प्युटर चालू आहे की बंद, सांगा बघू." स्क्रीन मी मुद्दाम बंद केलेली असते. पाहुणा वाकतो, कॅबिनेटला कान लावतो, जरा वेळ ऐकल्यासारखं करतो आणि अगदी खात्रीनं सांगतो, "बंद आहे." मग मी त्याला मागच्या जाळीला बांधलेला लाल दोरा दाखवते. दोरा मजेत फडफडत असतो. स्वयंपाकघरातून आई म्हणते, "झाली हिची टिमकी सुरू."

झाली तर झाली. यंत्र मी जोडलं, पंखे मी निवडले, स्क्रू माझ्या हातानं आवळले. माझी टिमकी मी नाही वाजवायची तर कुणी वाजवायची? शिवाय त्या न येणाऱ्या आवाजासाठी काय काय करावं लागलं ते पाहुण्याला कुठून माहीत असणार. त्याला वाटतं, बाईला हौस आहे. हौस आहेच, पण गोष्ट हौसेची नव्हती.

मी टॉवेल आणि चादरींची डिझाइनं काढते. पूर्वी सोलापुरात हे काम ग्राफच्या कागदावर चालायचं. आता तेच चौकोन स्क्रीनवर भरायचे. एक चौकोन म्हणजे एक धागा. चोच किती चौकोनांची ठेवली त्यावर मोर मोरासारखा दिसणार की कोंबडीसारखा, ते ठरतं. काही वर्षं मी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात हे काम करत होते. तिथल्या साहेबांचं आणि माझं जमलं नाही. माझं डोकं लवकर तापतं हे मला मान्य आहे, पण तिथं तापण्यासारखंच होतं. शेवटी मी काम घरी आणलं.

घरी काम करायचं तर चांगला कॉम्प्युटर लागतो. हल्ली बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला टॉवेल विणण्याआधीच पाहायचा असतो. दांडीवर टांगलेला, घडी घातलेला, खांद्यावर टाकलेला. हे न विणलेल्या टॉवेलाचे फोटो कॉम्प्युटर बनवतो आणि ते बनवताना असा तापतो की विचारू नका. त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा. म्हणून दुकानातला तयार संच न घेता मी एकेक भाग आणला आणि व्हिडिओ बघत बघत स्वतः जोडला. जोडताना तो थंड कसा राहील एवढाच विचार केला होता. आवाजाचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या घरात आवाजाची तक्रार करणार तरी कोण?

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं. मागाच्या कारखान्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथं खुणा चालतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. तळहात पालथा करून खाली दाबला की माग थांबव. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. आप्पांचे कान हळूहळू जात गेले तसतशा या खुणा आमच्या घरात राहायला आल्या. आई दारातून अंगठा दाखवायची आणि आप्पा उठून यायचे. मी नोकरी सोडली हेसुद्धा त्यांना पालथ्या तळहातानंच सांगितलं. त्यांनी भुवया उडवल्या, माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि अंगठा तोंडाकडे नेला. आम्ही दोघं चहा प्यायलो. त्या विषयावर आमच्यात तेवढंच बोलणं झालं.

कारखान्यातून त्यांनी आणखी एक गोष्ट घरी आणली होती. तिथले मालक तेलुगू, माग दुरुस्त करणारा जॉबर तेलुगू, शेजारच्या मागावरचे सगळे तेलुगू. आम्ही मराठी, पण आप्पा मोजायला तिथंच शिकले, म्हणून त्यांची मोजणी तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु, ऐदु. बाकी ती भाषा त्यांना कामापुरतीच येते, पण धागे असोत, टॉवेल असोत की औषधाच्या गोळ्या, मोजायचं झालं की तेलुगूच. लहानपणी मी डबा घेऊन कारखान्यात जायचे तेव्हा त्या खडखडाटात मला त्यांचे नुसते ओठ हलताना दिसायचे. ते कितीवर आले आहेत हे मी ओठांवरून ओळखायचा खेळ खेळायचे.

तर अशा आप्पांना आम्ही कानातलं यंत्र घेतलं. ते नको नको म्हणत होते, मी हट्टानं घेतलं. कानाच्या तपासणीच्या मॅडमनी बजावून सांगितलं, "रोज, दिवसभर घालायचं. इतक्या वर्षांनी आवाज येतोय, डोक्याला सवय व्हायला काही महिने जातात. त्रास होतो म्हणून काढून ठेवलं की सवय मोडते. मग ते कपाटात जातं आणि पुन्हा बाहेर येत नाही."

पहिला दिवस रविवार होता, माझं काम बंद होतं. आप्पा यंत्र घालून पलंगावर बसले आणि घरात जत्रा भरल्यासारखं झालं. पाल चुकचुकली तर त्यांनी वर पाहिलं. आई भाकरी थापायला बसली तर म्हणाले, "एवढ्या जोरात थापतीस व्हय रोज?" आई लाजली. खरंच लाजली. मी त्यांच्या मागं उभी राहून अगदी हळू "आप्पा" म्हटलं. ते वळून म्हणाले, "काय गं?"

एवढंच, "काय गं?" मी कितीतरी वर्षांनी त्यांना तोंड न दाखवता हाक मारली होती.

सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला आणि आप्पांनी झटक्यात कानातलं यंत्र ओढून काढलं.

"परत कारखान्यात बसवलंस की मला," ते म्हणाले.

मला वाटलं, एक-दोन दिवसांत सरावतील. नाही सरावले. मी कामाला बसले की यंत्र डबीत. मी उठले की यंत्र कानात, पण मी उठायचे कधी? सकाळी बसले की जेवणापर्यंत आणि जेवून बसले की दिवेलागणीपर्यंत. आमची घरं किती मोठी ते तुम्हाला माहीत आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि वर एक पत्र्याची खोली. पत्र्याखाली कॉम्प्युटर ठेवला असता तर एप्रिलात त्याची भजी झाली असती. आप्पांचा पलंग पुढच्या खोलीत दारापाशी, कारण त्यांना गल्ली दिसायला हवी. माझं टेबल त्याच खोलीत समोरच्या भिंतीला. दोघांपैकी कुणालाच दुसरी जागा नव्हती.

मी त्यांना पुन्हा मॅडमकडे नेलं. म्हटलं, तेवढा आवाज कमी करून द्या. मॅडमनी आप्पांच्या कानाचा आलेख समोर ठेवला आणि समजावलं. मागाच्या आवाजानं आधी बारीक आवाज जातात, जाडे उरतात. म्हणून आप्पांना गल्लीत शिरलेला ट्रक कळायचा, पण आईची हाक कळायची नाही. कानातलं यंत्र नेमके ते गेलेले बारीक आवाज मोठे करून देतं, आणि माझ्या कॉम्प्युटरचा पंखा बारीक शीळ घालत होता.

"मग तेवढी पट्टी कमी करा ना," मी म्हटलं.

"करते की," मॅडम म्हणाल्या. "पण तुमचा आवाजही त्याच पट्टीत आहे. तोही जाईल."

घरी येताना रिक्षात घोडं कुठं अडलं होतं ते आता स्वच्छ कळत होतं. कॉम्प्युटर चालू ठेवला तर आप्पांचे कान जाणार होते, आणि कान राखायचे तर माझं काम बंद. मला मात्र दोन्ही हवं होतं. मी ठरवलं, कान बदलता येत नाही तर पंखे बदलायचे.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेटचा दरवाजा उघडून मी चौकशीला बसले. आत किती पंखे असतात हे जोडताना मोजलं होतं, पण त्यातला नेमका कोण शीळ घालतो ते ठाऊक नव्हतं. अगरबत्तीची काडी घेऊन मी एकेक पंखा मधोमध हलकेच दाबून क्षणभर थांबवला. पहिला चोर लगेच सापडला. प्रोसेसरवर बसवलेला, तळहातापेक्षाही लहान पंखा. तो प्रोसेसरबरोबर फुकट आला होता आणि फुकटच्या मानानं फार ओरडत होता. दुसरा चोर ग्राफिक कार्डावरची जोडी. तिसरा, वीज पुरवणाऱ्या डब्यातला.

मग मी डोकं चालवलं. पंखा लहान असला की तेवढीच हवा फेकायला त्याला जीव तोडून पळावं लागतं आणि मग तो शीळ घालतो. आपला छताचा पंखा एवढा मोठा, पण तो शीळ घालत नाही, फार तर घरघरतो. घरघर आप्पांना चालत होती. म्हणजे पंखा मोठा हवा आणि सावकाश फिरायला हवा. तो सावकाश फिरून चालायचं असेल तर त्याच्यामागचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूच्या पातळ पत्र्यांचा गठ्ठा, तोही भरपूर मोठा हवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा जगात सगळ्यांना ते माहीत होतं असं कळलं, पण मी माझी मी शोधून काढलं होतं आणि त्याची ऐट काही कमी झाली नाही.

नवी पेठेतल्या ज्या दुकानातून मी सगळे भाग आणले होते तिथं गेले. दुकानदार पन्नाशीचा, बोलका माणूस. त्यानं समोर ठेवलेले पंखे सगळे रंगीबेरंगी दिव्यांचे.

"ताई, हा बघा, कसला लाइट मारतोय!"

"आवाज किती करतो?"

"आवाज कोण बघतंय ताई?"

"माझे वडील," मी म्हटलं.

खोक्यांवर आवाजाचे आकडे छापलेले होते. त्यावर विसंबून मी एक पंखा घरी नेला. आकडा छान होता, मलाही काही ऐकू येत नव्हतं, पण आप्पांनी यंत्र घातलं, दोन बोटांची कात्री केली आणि यंत्र काढलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीचा कान घेऊन खरेदीला जात होते. पुढच्या वेळी मी आप्पांनाच दुकानात नेलं. इस्त्रीचा शर्ट, टोपी, खिशात यंत्राची डबी.

दुकानदारानं आम्हाला मागच्या गोदामात बसवलं. चारी भिंतींना खोकी आणि थर्माकोल, त्यामुळे बाहेरच्या पेठेचा गलका आत पोचत नव्हता. आप्पा स्टुलावर बसले, यंत्र घातलं, डोळे मिटले. दुकानदारानं वीज पुरवायचा डबा आणि वेग कमी-जास्त करायची चकती मांडली आणि म्हणाला, "लोक डोळे घेऊन पंखा घ्यायला येतात ताई, तुम्ही कान घेऊन आलात."

पहिला पंखा. आप्पांची कात्री. दुसरा सुरू व्हायच्या आत पालथा तळहात, थांबव. तिसऱ्याला त्यांनी तोंड वाकडं केलं, थोडा वेळ सहन केला, मग मान हलवली. चौथ्याचा वेग दुकानदारानं कमी केला तर ते म्हणाले, "ह्यो बरा हाय, पण मच्छर बसलाय ह्याच्यात." मी टेबलावर पंख्यांची रास होताना बघत होते आणि मनातून खचत चालले होते. दुकानदारानं कपाटातून एक मोठा, तपकिरी रंगाचा, दिवे नसलेला पंखा काढला. असा रंग की घरात कुणी फुकट दिला तरी ठेवून घेणार नाही. म्हणाला, "हा कुणी घेत नाही ताई. दिसायला असा, म्हणून पडून आहे." त्यानं तो लावला.

आप्पा डोळे मिटून बसले होते. आम्ही वाट बघत होतो. तेही वाट बघत होते.

"लाव की आता," शेवटी ते वैतागून म्हणाले.

पंखा फिरत होता.

दुकानदारानं तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. मी आप्पांचा हात धरून पंख्यासमोर नेला. हवा तळहाताला लागली तसे त्यांनी डोळे उघडले, पंख्याकडे पाहिलं, वाकून त्याच्या मागं पाहिलं आणि विचारलं, "चालू हाय?" माझे डोळे भरून आले. त्या खोक्यांच्या ढिगात, एका तपकिरी पंख्यापायी. मला माझ्या बुद्धीचा, आप्पांच्या कानाचा आणि त्या ओंगळ रंगाचा इतका अभिमान वाटला की मी तसले सगळेच पंखे द्या म्हणून सांगितलं.

पुढचं काम सोपं असेल असं वाटलं होतं. हीटसिंक आला तो पुस्तकांच्या गठ्ठ्याएवढा, आरपार गेलेल्या तांब्याच्या नळ्यांचा. बसवला तर कॅबिनेटचं दार बोटभर उरलं, लागेना. मी कॅबिनेटची उंची मापली होती, पोट मापलं नव्हतं. आई म्हणाली, "उघडं ऱ्हाऊ दे की दार, हवा लागंल." पण आमच्या गल्लीत घरोघर माग आहेत. हवेत कापसाची लव तरंगत असते, ती खिडकीच्या गजांना मिशा फुटल्यासारखी लटकते. उघडं कॅबिनेट आठवड्यात गादी झालं असतं. मी पोट मोठं असलेलं कॅबिनेट आणलं, त्याला हवा आत घेणाऱ्या बाजूला बारीक जाळ्या लावल्या आणि दर रविवारी जाळी झटकायची स्वतःला शिस्त लावली.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायची करडी पेस्ट मी तुरीच्या दाण्याएवढी ठेवली तेव्हा आई शेजारी उभी होती. "आता दात बी घासायला लागला व्हय ह्यो?" असं तिनं विचारलं. पंखे स्क्रूनं न आवळता रबराच्या खुंट्यांनी अडकवले, म्हणजे त्यांची थरथर पत्र्यात उतरत नाही. ग्राफिक कार्ड बदलून जाड हीटसिंकचं घेतलं. वीज पुरवणारा डबा असा घेतला की ज्याचा पंखा तापल्याशिवाय फिरतच नाही. मग पंख्यांना किती तापमानाला किती फिरायचं ते आखून दिलं. गरज नसेल तेव्हा सावकाश आणि गरज लागली तरी एकदम उसळायचं नाही, हळूहळू चढायचं. हे मला स्वतःला आजवर जमलेलं नाही, पण पंख्यांना जमलं.

सगळं जोडून बटण दाबलं तेव्हा मलाच शंका आली. स्क्रीन उजळली म्हणून कळलं. मी फोटो बनवायचं सगळ्यात जड काम लावलं आणि वळून पाहिलं. आप्पा यंत्र घालून गल्लीकडे बघत बसले होते.

"कदी लावणार?" त्यांनी विचारलं.

"लावलाय आप्पा."

त्यांनी माझ्याकडे, मग कॅबिनेटकडे संशयानं पाहिलं. पण जेवणापर्यंत यंत्र कानात राहिलं. जेवण झालं तरी राहिलं. चहा झाला तरी राहिलं. मी मान खाली घालून काम करत होते आणि दर थोड्या वेळानं डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचा कान बघत होते.

एक अडचण मात्र मला सुचलीच नव्हती. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाला शांततेची भीती वाटते. कारखाना गप्प झाला म्हणजे लाइट गेली, नाही तर काहीतरी मोडलं. आप्पा घटकेघटकेला उठून यायचे. "बंद पडलंय व्हय?" "नाही आप्पा." "मग आवाज कसा न्हाय?" आवाज नको म्हणून मी जिवाचं रान केलं आणि आता आवाज का नाही म्हणून जाब द्यायचा! मी दोनदा गोड बोलले, तिसऱ्यांदा माझा सूर चढला. त्यांना तो आता ऐकू येत होता, हेही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. ते गुपचूप पलंगावर जाऊन बसले.

आणि मग आईनं टॉवेल घातला.

आमच्या घरात प्रत्येक वस्तूवर टॉवेल असतो. कारखान्यात विणताना थोडा बिघडलेला माल असतो, त्याला सेकंड म्हणतात. तो कामगारांच्या घरी येतो. टीव्हीवर सेकंड, मिक्सरवर सेकंड, शिलाई मशीनवर सेकंड, पाण्याच्या माठावरही. सोलापुरात कुणाच्याही घरी जा, हेच दिसेल. वस्तू वापरून झाली की झाकायची, ही आईची आयुष्यभराची रीत. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाचे फोटो बनवायला लावून बँकेत गेले होते. परत आले तर कॅबिनेट वरपासून खालपर्यंत टॉवेलात गुंडाळलेलं, टोकं नीट खोचलेली. टॉवेल माझ्याच डिझाइनचा, मोराची कोंबडी झालेला. पंख्यांना श्वास मिळाला नाही, यंत्र तापलं आणि जीव वाचवायला आपणहून बंद झालं. मोडलं काही नाही, पण सकाळपासूनचं काम गेलं.

माझं डोकं फिरलं. "चालू आहे ते दिसत नाही का तुला?"

आईही काही कमी नाही. "दिसत न्हाय, ऐकू येत न्हाय, वास येत न्हाय! माणसाला कळावं कसं? देव हाय व्हय त्यो?"

मी काहीतरी बोलले, तिनं त्याच्या वर चढवलं, मी आणखी वर चढवलं. आणि मध्येच मला आप्पा दिसले. पलंगावर ताठ बसले होते, आमच्याकडे बघत, आणि त्यांचा हात कानाकडे चालला होता.

मी गप्प झाले. आईही झाली. पंखे, हीटसिंक, रबराच्या खुंट्या, सगळं केलं आणि शेवटी आमच्याच तोंडांनी घात केला असं वाटलं. आप्पांचं बोट यंत्राला लागलं. त्यांनी ते काढलं नाही. आत दाबून नीट बसवलं.

"म्हण की पुढं," ते आईला म्हणाले. "लई वर्सांनी ऐकतोय."

आईला आधी हसू फुटलं की मला, ते आता सांगता येणार नाही.

तोडगाही आईनंच काढला. ती पूर्वी टॉवेलच्या कडा शिवायची, त्या वेळची रिळं अजून डब्यात आहेत. तिनं लाल दोऱ्याचा वीतभर तुकडा तोडला आणि कॅबिनेटच्या मागच्या जाळीला गाठ मारून सोडला. पंखे फिरले की दोरा फडफडतो, थांबले की लोंबतो. "आता झाकणार न्हाय," ती म्हणाली. तेव्हापासून आप्पांनीही उठून यायचं सोडलं. पलंगावरूनच दोरा बघतात आणि निर्धास्त गल्लीकडे तोंड करून बसतात. हीटसिंक मी निवडला, पंखा आप्पांनी, आणि चालू आहे की नाही हे सांगायची सोय आईची. असं यंत्र तुमच्या नवी पेठेत तयार मिळत नाही.

मॅडमनी परवा आप्पांचं यंत्र तपासलं. ते दिवसाला किती वेळ घातलं जातं हे त्या यंत्रातच समजतं म्हणे. त्या स्क्रीनकडे बघून नुसतं "वा" म्हणाल्या. मी तिथंही पंख्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती, पण आप्पांनी पालथा तळहात दाबला.

पण अभिमान कशाचा वाटतो असं मला कुणी विचारलं तर मी हे काहीच सांगणार नाही, गेल्या आठवड्यातली एक सकाळ सांगेन.

मी नव्या चादरीच्या काठाचं डिझाइन भरत होते. वेलीचं एक पान, किती चौकोन उजवीकडे, किती वर, असं मोजत. कॉम्प्युटर चालू होता, घरात काही आवाज नव्हता. मोजता मोजता सातव्या चौकोनावर मला वाटलं की पान जरा जाड होतंय, म्हणून हात थांबवून मी स्क्रीनकडे बघत राहिले.

मागून आप्पांचा आवाज आला. "एनिमिदी."

मला कळेना. मी वळले. ते गल्लीकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"एडूवर थांबलीस की," ते म्हणाले. "त्याच्यापुढं एनिमिदी."

मी तोंडातल्या तोंडात मोजते हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मोजत असणार, आणि तेलुगूत मोजत असणार, कारखान्यात डबा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या ओठांवर दिसायचं तसं. मला ते कधी ऐकू आलं नाही, कारण पंखे ओरडत होते. त्यांना आलं नाही, कारण कानच नव्हते.

"तुला कुणी शिकवलं गं?" आप्पांनी विचारलं.

मी नुसतं बोट त्यांच्याकडे केलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून भुवया उडवल्या, मी? मी मान हलवली. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. जाळीवरचा लाल दोरा फडफडत होता.

"मग थांबलीस का?" ते म्हणाले. "पुढं मोज की."

मी स्क्रीनकडे वळले आणि मोजायला लागले, जरा मोठ्यानं.